निफाडमध्ये जन्मलेल्या या न्यायाधीशाच्या टपालावर इंग्रजांनी नजर ठेवली होती

मे १८७९. पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा हे पेशवाईतले दोन मोठे वाडे पेटले. बुधवार वाड्यात तेव्हा सरकारी कचेऱ्या होत्या, तो तर पार गेला. तिकडे वासुदेव बळवंत फडके रामोशांना सोबत घेऊन पुणे जिल्ह्यात सावकारांवर दरोडे घालत होते. सरकारचा जीव टांगणीला लागला होता. या सगळ्यामागे डोकं कुणाचं, एवढा एकच प्रश्न साहेब लोकांना पडला होता.

आणि संशय गेला तो कुणा पैलवानावर नाही, तर नाशिकला सबजज्ज असलेल्या एका जाडजूड, डोळ्यांनी अधू आणि कधीही आवाज न चढवणाऱ्या माणसावर.

महादेव गोविंद रानडे.

आपल्याला न्यायमूर्ती रानडे म्हटलं की पगडी, जाड मिशा आणि शाळेच्या भिंतीवरची तसबीर आठवते. सोबत पाठ्यपुस्तकातली एक ओळ, थोर समाजसुधारक. पण हा माणूस आयुष्यभर दोन्हीकडून मार खात होता. सरकारला वाटायचं हा आतून बंडखोर आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटायचं हा सरकारचा माणूस आहे, शिवाय ऐनवेळी कच खाणारा आहे.

यातलं खरं काय होतं, ते बघण्यासाठी सुरुवातीपासून बघावं लागतं.

बैलगाडीतून पडलेलं पोर

आज निफाड म्हटलं की द्राक्षं आठवतात आणि हिवाळ्यात निफाडचा पारा घसरला ही बातमी. १८ जानेवारी १८४२ ला तिथं रानड्यांचा जन्म झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानात गेले आणि महादेवचं लहानपण कोल्हापुरात गेलं.

या काळातली एक गोष्ट घरात नेहमी सांगितली जायची. महादेव अडीचेक वर्षांचा असताना कुटुंब बैलगाडीनं निफाडहून कोल्हापूरला निघालं होतं. रात्रीची वेळ, सगळे पेंगलेले. पोर गाडीतून खाली पडलं आणि कुणाला पत्ताच नाही. गाडी पुढे निघून गेली. घोड्यावरून मागून येणाऱ्या विठूकाकांना रस्त्यात हाक ऐकू आली, म्हणून पोर सापडलं.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी शिकायला मुंबईला, एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं. १८५९ ला त्याची पहिली मॅट्रिक झाली, त्यात २१ जण पास झाले, त्यातले एक रानडे. १८६२ ला विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले ते चौघं. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मग एम.ए., एलएल.बी. आणि १८७१ ला अॅडव्होकेटची परीक्षा. वाचनाचं वेड एवढं की डोळे कायमचे बिघडले.

कॉलेजातच त्यांना पहिला धडा मिळाला. एका निबंधात त्यांनी इंग्रजी राज्याची तुलना मराठ्यांच्या राज्याशी केली आणि माप मराठ्यांच्या पारड्यात टाकलं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानडे आवडायचे, तरी त्यांनी या पोराची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. सरकारच्या पैशावर शिकून सरकारविरुद्ध लिहायचं नाही, असा सरळ हिशेब होता.

रानड्यांनी पुढं जन्मभर नेमकं हेच केलं. फक्त अशा पद्धतीनं की कायद्याला बोट ठेवायला जागा मिळू नये.

नोकरी सरकारची, काम लोकांचं

अक्कलकोट, कोल्हापूर, एल्फिन्स्टन कॉलेजातली प्राध्यापकी अशा नोकऱ्या करत १८७१ च्या शेवटी ते सबजज्ज म्हणून पुण्यात आले. तिथं त्यांची गाठ पडली गणेश वासुदेव जोशींशी. म्हणजे सार्वजनिक काकांशी. हे पेशानं वकील. पुढं १८७७ च्या दिल्ली दरबारात सगळे राजेरजवाडे रेशीम-जरीत असताना स्वदेशी जाडेभरडे कपडे घालून जाणारे ते हेच.

जोशींनी २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा काढली होती. तिचा एक नियम आजही थक्क करतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, की हा आमच्या वतीनं बोलेल. अशा सहा हजार लोकांनी ९५ प्रतिनिधी दिले होते. देशात मतदान वगैरे काही नसताना पुण्यात लोकप्रतिनिधी तयार झाले होते, तेही वकिली कागदाच्या जोरावर.

काका सभेचे हातपाय आणि रानडे डोकं, असं तेव्हाही म्हटलं जायचं. शेतसाऱ्याची चौकशी, गावोगावची आकडेवारी, अर्ज, निवेदनं. १८७५ ला तर सभेनं ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदी माणसांना प्रतिनिधित्व द्या असा अर्ज धाडला. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला तेव्हा सभेची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, लोक किती उपाशी आहेत ते लिहून आणलं आणि सरकारच्या तोंडावर ठेवलं. १८७८ पासून सभेचं इंग्रजी त्रैमासिक निघायला लागलं. त्यातले बरेच लेख रानड्यांचे असायचे, नाव न घालता. सरकारी नोकर ना ते.

आता सरकारच्या जागी बसून बघा. तुमचाच एक न्यायाधीश, तुमचाच पगार घेतो, कोर्टात चोख काम करतो, आणि संध्याकाळी तुमच्याच धोरणांची चिरफाड करणारे कागद तयार करतो. कायदा कुठेही मोडत नाही. याचं करायचं काय?

बदली.

नाशिक

१८७८ मध्ये रानड्यांची पुण्यातून नाशिकला बदली झाली, फर्स्ट क्लास सबजज्ज म्हणून. जन्म ज्या जिल्ह्यात झाला, तिथंच सरकारनं त्यांना पुण्यापासून लांब ठेवायला पाठवलं.

पण नाशिकला त्यांच्या घरात जे घडलं ते समजायला पाच वर्षं मागं जावं लागतं, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अडचणीचा भाग आहे.

रानडे विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. १८६९ ला मुंबईत पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांचा गाजलेला पुनर्विवाह झाला, त्यात रानडे पुढे होते. शंकराचार्यांनी या मंडळींवर बहिष्कार घातला. आणि ऑक्टोबर १८७३ ला रानड्यांची पत्नी सखूबाई वारली.

रानडे एकतीस वर्षांचे. सगळ्या सुधारकांचं लक्ष त्यांच्याकडं. आता हा गडी विधवेशी लग्न करणार आणि उदाहरण घालून देणार.

हीच भीती वडिलांना होती. गोविंदरावांनी घाईनं मुलगी बघितली, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची. वय अकरा. रानड्यांनी मुदत मागितली, विरोध केला. वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली. रानड्यांनी मुलीच्या वडिलांनाही सांगून बघितलं की मी सुधारक आहे, माझे डोळे अधू आहेत, मला मुलगी देऊ नका. काही उपयोग झाला नाही. १८७३ मध्येच लग्न लागलं. लग्नाहून घरी आल्यावर नवरदेव खोलीत जाऊन एकटे बसून राहिले.

टीका झाली, आणि होणारच होती. दुसऱ्यांना सांगणारा स्वतःवर आल्यावर वाकला. वडिलांच्या शब्दाखातर वाकला हे कारण आहे, पण सुटका नाही. त्यांची स्वतःची बहीण दुर्गा तरुणपणी विधवा होऊन त्याच घरात राहत होती, हे लक्षात घेतलं की ही गोष्ट आणखी टोचते. रानड्यांनी या टीकेला जाहीर उत्तर दिलं नाही.

त्यांनी केलं काय, तर त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात पाटी दिली. तिचं नाव रमाबाई. तिला अक्षरओळख नव्हती. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी सभा आणि रात्री बायकोची शाळा. घरातल्या मोठ्या बायकांना हे अजिबात पसंत नव्हतं. बाई पुस्तक घेऊन बसली की टोमणे सुरू. रमाबाई ते ऐकून घ्यायच्या, रात्री रडायच्या आणि सकाळी पुन्हा पुस्तक उघडायच्या. त्यांची चिकाटी रानड्यांच्या चिकाटीपेक्षा कमी नव्हती, उलट जास्तच असेल. रानड्यांना घरात कुणी टोमणे मारत नव्हतं.

नाशिकच्या बदलीनं हे बदललं. पुण्याचं भरलेलं घर मागं राहिलं आणि अभ्यासाला मोकळीक मिळाली. त्यात लोकहितवादी, म्हणजे गोपाळराव हरी देशमुखही तेव्हा न्यायाधीश म्हणून नाशिकलाच होते. दोन्ही घरांचं येणंजाणं वाढलं. हळदीकुंकवाच्या निमित्तानं बायका गोळा व्हायच्या आणि तिथं वाचन व्हायचं. नाशिकच्या हायस्कूलमधल्या समारंभात रमाबाई पहिल्यांदा चारचौघांत उभ्या राहिल्या आणि बोलल्या. भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. वय सोळा-सतरा. ज्या काळात नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती त्या काळात सबजज्जाची बायको पुरुषांसमोर कागद वाचतेय, हे नाशिककरांना किती नवीन असेल याचा अंदाज करता येतो.

सरकारनं शिक्षा म्हणून दिलेली जागा घरातल्या कामासाठी अशी उपयोगी पडली.

आणि मग धुळे

१८७९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रानडे पुण्यात आले होते आणि नेमके तेव्हाच वाडे पेटले. पाठोपाठ हुकूम आला, ताबडतोब धुळ्याला जा.

मित्रांनी सल्ला दिला की डोळ्यांचं कारण पुढं करा, खानदेशातल्या उन्हात डोळे जातील, डॉक्टरांचा दाखला द्या आणि हुकूम फिरवून घ्या. डोळे खरोखर अधू होते, म्हणजे खोटंही काही सांगायचं नव्हतं. रानड्यांनी नकार दिला. नोकरी करायची तर हुकूम पाळायचा, नाही पाळायचा तर नोकरी सोडायची, मधला रस्ता त्यांना मान्य नव्हता.

संशयाला आधार काय होता? फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते, तेव्हा ते रानड्यांची व्यापारावरची व्याख्यानं ऐकायला जायचे. देशी धंदे कसे बुडाले, पैसा बाहेर कसा जातो, हे रानडे आकडे घेऊन सांगायचे. तेच ऐकून एकानं अर्ज लिहिले आणि दुसऱ्यानं बंदूक उचलली. सरकारनं या दोघांमध्ये सरळ रेघ ओढली.

धुळ्यात रानड्यांचं टपाल उशिरा यायला लागलं. पत्रं आधी उघडून वाचली जात होती. मग विचित्र पत्रं यायला लागली. फडक्यांच्या किंवा त्यांच्या साथीदारांच्या नावानं, अमुक ठिकाणी जमायचं आहे वगैरे मजकुराची. सापळाच होता तो. पत्र दडवलं तर फितूर, उत्तर दिलं तर कटात सामील. रानड्यांनी प्रत्येक पत्र जसंच्या तसं पोलिसांकडं पाठवून दिलं.

काही महिन्यांत सरकारचं समाधान झालं. जुलैमध्ये फडके पकडले गेले, त्यांच्या बचावाला उभे राहिले सार्वजनिक काका. जन्मठेप झाली आणि १८८३ ला एडनच्या तुरुंगात फडके गेले. काका त्याच्या आधीच, १८८० ला वारले. रानडे १८८१ च्या सुरुवातीला मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट झाले.

इथं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ती पत्रं पोलिसांना देण्यावरून रानड्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ते फडक्यांच्या मार्गानं कधीच गेले नव्हते, जाणार नव्हते आणि तसं त्यांनी कधी भासवलंही नव्हतं.

शेतकरी, काँग्रेस आणि एक कप चहा

पुढची दहा वर्षं रानड्यांच्या कामाची सगळ्यात भरगच्च. १८७५ ला सुपे आणि आसपासच्या गावांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा आला. कर्जाच्या खटल्यात न्यायाधीशानं नुसता कागद बघायचा नाही, मूळ रक्कम किती आणि व्याज किती चढवलं ते खणून काढायचं, असा हा कायदा. त्याच्या अंमलावर देखरेखीसाठी रानडे पुणे, नगर, सोलापूर, सातारा असे चार जिल्हे फिरले. तंबूत मुक्काम, गावोगावची कोर्टं तपासायची. १८८७ ला ते या कामाचे स्पेशल जज्ज झाले. मोठमोठ्या पदांपेक्षा या फिरतीत त्यांना महाराष्ट्र जास्त कळला असं माझं मत.

१८८४ ला पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आजची हुजूरपागा. त्यात रानडे होते. कायदे कौन्सिलवर सरकारनं त्यांना तीनदा नेमलं. डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं ठरलं होतं, पण कॉलऱ्याची साथ आली आणि ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजमध्ये हलवलं. ७२ प्रतिनिधी जमले. रानडे तिथं हजर होते, पण सरकारी नोकर असल्यामुळं प्रतिनिधी म्हणून नाही. याच सुमाराला गोपाळ कृष्ण गोखले नावाचा विशीतला शिक्षक त्यांच्या हाताखाली आला. रानडे त्याच्याकडून सरकारी अहवाल वाचून घ्यायचे, टिपणं काढून घ्यायचे आणि चुकलं की पुन्हा करायला लावायचे. पुढं गांधीजींनी याच गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानलं.

आणि मग चहा. ऑक्टोबर १८९० ला पुण्यातल्या पंच हौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातले मोठमोठे लोक गेले. रानडे होते, टिळकही होते. तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. हा बेत होता गोपाळराव जोशींचा, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्याचा. त्यांनी सगळ्यांची नावं छापून आणली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा! सनातन्यांनी शंकराचार्यांपर्यंत प्रकरण नेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्त घ्या नाहीतर बहिष्कार भोगा.

रानड्यांना बहिष्कार नवा नव्हता. सुरुवातीला ते बधले नाहीत. पण दीडेक वर्षानं, १८९२ ला त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. बहिष्काराचे हाल मित्रांच्या घरादाराला भोगावे लागत होते, त्यांच्यासाठी घेतलं असं कारण होतं. तरुण सुधारक खवळले. रमाबाईंनाही ते रुचलं नाही.

१८७३ आणि १८९२, दोन्ही वेळा तेच. स्वतःला शिक्षा होणार असेल तर हा माणूस अढळ राहतो, जवळच्यांना दुःख होणार म्हटलं की मऊ होतो. धुळ्याला जाताना डोळ्यांची पर्वा केली नाही, पण वडिलांच्या आणि मित्रांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना सोसलं नाही. कुणी याला कमकुवतपणा म्हणेल आणि त्यांना चूक ठरवणं अवघड आहे.

टिळकांशी बिनसलं

रानड्यांनी काँग्रेसच्या सोबतीनं सामाजिक परिषद चालवली होती. एकाच मांडवात आधी राजकारण, मग समाजसुधारणा. १८९५ ला काँग्रेस पुण्यात भरणार होती, तेव्हा टिळकांच्या बाजूनं विरोध झाला की परिषदेला तो मांडव द्यायचा नाही. वाद एवढा पेटला की काँग्रेसच होते की नाही अशी वेळ आली. रानड्यांनी मांडव सोडला आणि परिषद वेगळीकडं भरवली. त्याच वर्षी सार्वजनिक सभाही टिळकांच्या गटाकडं गेली. पंचवीस वर्षं जिला वाढवलं ती संस्था हातातून गेल्यावर रानड्यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली.

तोपर्यंत ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले होते. १८९३ ला काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांची जागा रानड्यांना मिळाली. ज्या माणसाची पत्रं फोडली जात होती तो चौदा वर्षांनी हायकोर्टात बसला. दिवसा खटले, बाकी वेळ लेखन. हिंदी अर्थकारणावरचे निबंध आणि १९०० ला आलेलं मराठी सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक याच काळातलं. शिवाजी महाराजांच्या मागं संतांनी घडवलेला समाज उभा होता, ही त्या पुस्तकातली मांडणी. साहेबांनी मराठ्यांना लुटारू ठरवून टाकलं होतं, त्याला हे उत्तर होतं. कॉलेजातला तो निबंध त्यांनी जवळपास चाळीस वर्षांनी पूर्ण केला म्हणा ना.

१६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईत ते गेले. एकोणसाठाव्या वाढदिवसाला दोन दिवस कमी होते.

टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. इतकी वर्षं ज्यांच्याशी भांडले त्यांच्याबद्दल लिहिताना हात आखडता घेतला नाही. थंड पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणण्याचं काम या माणसानं केलं, असा त्या लेखाचा आशय होता. पुढं १९४३ ला रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला पुण्यात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले, आणि गांधी-जीनांच्या शेजारी रानड्यांना ठेवून त्यांनी रानड्यांना झुकतं माप दिलं. समाज सुधारल्याशिवाय राजकीय हक्कांना अर्थ नाही, हे रानड्यांनी ओळखलं होतं, असा त्यांचा मुद्दा होता.

रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. काही काळ त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. मग १९०९ ला त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, बायकांना शिकवून नर्स आणि शिक्षिका करायचं काम अंगावर घेतलं, आणि १९२४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत ते केलं. १९१० ला त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं, गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. निफाडची ती बैलगाडी, नाशिकचे दिवस, धुळ्याचं फोडलेलं टपाल हे सगळं आज आपल्याला माहीत आहे ते बहुतेक त्या पुस्तकामुळंच. हे पुस्तक मात्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं.